समुद्राकडून दिसणारा किनारा : नॉर्मंडीच्या चढाईचे चित्रपट आणि ग्रंथ

प्रस्तावना

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्या एका दिवसात समुद्रमार्गे आणि हवाईमार्गे मिळून सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक तेथे पोहोचले. जवळजवळ सात हजार लहानमोठी जहाजे आणि नौका या मोहिमेत होत्या. पाच पुळणींना सांकेतिक नावे देण्यात आली होती. त्यांपैकी युटा आणि ओमाहा अमेरिकनांकडे, तर गोल्ड, जूनो आणि सोर्ड ब्रिटिश व कॅनेडियन फौजांकडे होत्या. दुसऱ्या महायुद्धाची ओळख मराठी वाचकाला वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ किंवा वि. स. वाळिंबे यांच्या ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ यांसारख्या ग्रंथांतून झालेली असते. तथापि नॉर्मंडी म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते ग्रंथांतून आलेले नसून पडद्यावरून आलेले आहे, हे मान्य करावयास हरकत नसावी. करडे पाणी, पुढचा दरवाजा खाली पडलेली नौका, काठावर उभे लोखंडी अडथळे आणि समोरच्या टेकडीवरून येणारा मशीनगनचा मारा, असे ते चित्र आहे.

इतिहासाच्या, इंग्रजीच्या किंवा माध्यमशास्त्राच्या वर्गात ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ची पहिली वीस-पंचवीस मिनिटे दाखवली, की विद्यार्थी स्तब्ध होतात आणि ‘युद्ध खरोखर असे असते’ असा निर्वाळा देतात. प्रस्तुत लेखाचा रोख या ‘खरोखर’वर आहे. या कलाकृती खोट्या आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांची वास्तवता एका विशिष्ट जागी उभे राहून पाहिलेली आहे आणि ती जागा म्हणजे समुद्र होय, एवढेच दाखवावयाचे आहे. प्रेक्षक सैनिकांबरोबर नौकेतून येतो. किनारा त्याच्या पुढ्यात असतो. त्यामुळे त्या किनाऱ्यावर जे आधीपासून राहत होते ते एक तर लक्ष्य ठरतात किंवा पार्श्वभूमी.

रायनचा ग्रंथ आणि झॅनकचा चित्रपट

कॉर्नेलियस रायन हा मूळचा डब्लिनचा पत्रकार. त्याचा ‘द लाँगेस्ट डे’ हा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. (स्पिलबर्गच्या नायकाशी असलेले त्याचे नामसाधर्म्य योगायोगाचे आहे.) रायनने अमेरिकन, ब्रिटिश, कॅनेडियन, फ्रेंच आणि जर्मन अशा सर्व बाजूंच्या शेकडो लोकांकडून त्या दिवसाच्या आठवणी मिळवल्या आणि त्यांची तासातासाने गुंफण केली. सेनापतींच्या आदेशांऐवजी सामान्य माणसाचा अनुभव हा युद्धेतिहासाचा आधार होऊ शकतो, हे त्याने लोकप्रिय वाङ्मयात सिद्ध केले. पुढील अर्धशतकातील या विषयावरचे बहुतेक लेखन या ना त्या रीतीने त्याचे ऋणी आहे.

डॅरिल झॅनकने १९६२ साली या ग्रंथावर जवळजवळ तीन तासांचा कृष्णधवल चित्रपट काढला. केन अ‍ॅनाकिन, अँड्र्यू मार्टन आणि बर्नहार्ड विकी या तिघांनी वेगवेगळ्या राष्ट्रांचे भाग दिग्दर्शित केले. जर्मन पात्रे जर्मनमध्ये बोलतात, फ्रेंच पात्रे फ्रेंचमध्ये. हॉलिवूडच्या युद्धपटांत शत्रूला त्याची भाषा देण्याचा हा प्रयत्न तेव्हा असाधारण होता. चित्रपटातील सर्वांत परिणामकारक क्षणही किनाऱ्यावरूनच पाहिलेला आहे. मेजर प्लुस्काट हा जर्मन अधिकारी खंदकाच्या फटीतून पहाटेच्या धुक्याकडे पाहतो आणि क्षितिज जहाजांनी भरून गेलेले त्याला दिसते. त्या पहाटे प्लुस्काट खरोखर तेथे होता काय, याविषयी नंतर शंका घेतल्या गेल्या आहेत. मात्र दृश्याची दिशा महत्त्वाची आहे. येथे क्षणभर प्रेक्षक आक्रमकांच्या समोर उभा राहतो.

या उदारतेला राजकीय बाजू होती, हेही नोंदवले पाहिजे. पश्चिम जर्मनी १९५५ साली ‘नाटो’त आली होती. कालचा शत्रू आता मित्र होता. जनरल ब्लूमेंट्रिट हे त्या काळातील प्रत्यक्ष जर्मन सेनाधिकारी, आणि ते या चित्रपटाचे सल्लागार होते. साहजिकच जर्मन सेनाधिकारी येथे सुसंस्कृत आणि हतबल दिसतात. सारा दोष झोपलेल्या हिटलरला उठवू न धजणाऱ्या यंत्रणेवर जातो. मृत्यूही सौम्य आहे. शेकडो माणसे कोसळतात, पण रक्त जवळजवळ दिसत नाही.

त्याहून मोठी तडजोड घटितांच्या निवडीत आहे. प्वांत द्यू ओक येथील कडा अमेरिकन रेंजर्सनी दोराने चढून जिंकला. वर पोहोचल्यावर तोफा जागेवर नव्हत्या. चित्रपट येथेच थांबतो आणि सारे बलिदान व्यर्थ गेल्याची खंत व्यक्त करतो. वस्तुतः त्या तोफा आत हलवलेल्या होत्या. रेंजर्सनी त्याच सकाळी त्या शोधून निकामी केल्या. सुमारे २२५ जणांपैकी दोन दिवसांनी लढण्याच्या स्थितीत उरले ते नव्वदच्या आसपास. चित्रपटाला उपरोध हवा होता, म्हणून इतिहासाचा उत्तरार्ध गाळला गेला. विस्त्रेआमच्या लढ्यात गोळीबारातून शांतपणे चालत येणाऱ्या जोगिणींचे दृश्यही असेच रचलेले आहे. ज्या कॅसिनोच्या इमारतीवर तेथे हल्ला दाखवला आहे ती इमारत जर्मनांनी त्यापूर्वीच पाडलेली होती.

फ्रेंच नागरिक या चित्रपटात दिसतात, ही जमेची बाजू. पण ते कसे दिसतात? एक गृहस्थ तोफगोळ्यांनी घर हादरत आणि ढासळत असताना आनंदाने बेभान होतो. एक महापौर शिरस्त्राण घालून, हातात शॅम्पेनची बाटली घेऊन लढाई चालू असलेल्या पुळणीवर स्वागतास येतो. घर पडताना हसणारा माणूस ही विनोदाची सोय आहे. तिची किंमत काय होती, हे पुढे पाहू.

ओमाहाची चोवीस मिनिटे

स्टीव्हन स्पिलबर्गचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ १९९८ साली आला आणि १९६२ चा सौम्य मृत्यू कायमचा कालबाह्य झाला. ओमाहाचे सुमारे चोवीस मिनिटांचे दृश्य आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातील पुळणीवर चित्रित झाले. छायाचित्रकार यानुश कामिन्स्की यांनी कॅमेऱ्याच्या शटरचा कोन नेहमीच्या १८० अंशांवरून ९० आणि ४५ अंशांपर्यंत खाली आणला. त्यामुळे प्रत्येक चौकट तीक्ष्ण झाली, हालचाल तुटक दिसू लागली आणि उडणाऱ्या वाळूचा कण न् कण वेगळा झाला. रंग फिके केले. कॅमेरा सैनिकाच्या उंचीवर, बहुतेक वेळा हातात धरलेला. ध्वनी पाण्याखाली बुडतो, वर येतो, कॅप्टन मिलरच्या कानांबरोबर बधिर होतो. हे सर्व श्रेष्ठ दर्जाचे चित्रपटकौशल्य आहे, यात वाद नाही.

पण ही शैली कोठून आली? स्पिलबर्गसमोर रॉबर्ट कापाची छायाचित्रे होती. कापा ओमाहावर सैनिकांबरोबर उतरला. त्याची हललेली, अस्पष्ट छायाचित्रे ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच महिन्यात छापली. लंडनच्या प्रयोगशाळेत फिल्म तापून बहुतेक चित्रे नष्ट झाली आणि दहा-अकराच उरली, ही कथा अनेक दशके सांगितली गेली. २०१४ पासून ए. डी. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले. कापाने मुळातच थोडी छायाचित्रे काढली असावीत, असे आता अनेकांना वाटते. म्हणजे ज्या अस्पष्टतेला आपण प्रत्यक्षतेची खूण मानतो, तिची परंपराही तपासून घ्यावी लागते. हात थरथरतो म्हणून चित्र हलते आणि चित्र हलले म्हणून ते खरे ठरते. १९९८ नंतर हलता कॅमेरा हा युद्धपटांचा आणि संगणकीय खेळांचाही अलंकार होऊन बसला.

या चित्रपटातील एक जागा मात्र समीक्षेने अधिक थांबून पाहावी अशी आहे. चित्रपट एका वृद्धापासून सुरू होतो. दफनभूमीत तो एका क्रूसासमोर कोसळतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ जातो आणि आपण ओमाहावर पोहोचतो. चित्रपटाच्या रूढ व्याकरणानुसार ही त्या वृद्धाची स्मृती ठरते. अखेरीस कळते की तो मिलर नसून रायन आहे. रायन छत्रीसैनिक होता. तो ओमाहावर कधी उतरलाच नाही. जे त्याने पाहिले नाही तेच त्याच्या डोळ्यांतून आपल्याला दाखवले गेले. याला तांत्रिक चूक म्हणून हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. अजाणता का होईना, चित्रपटाने येथे आपले मर्म उघड केले आहे. ही उपस्थिताची स्मृती नाही, वारसाची आहे. १९९८ चा प्रेक्षकही तसाच वारस आहे.

आता समोरच्या बाजूकडे पाहू. जर्मन मशीनगनच्या मागून घेतलेली चित्रणे या दृश्यात आहेत, पण तेथे दिसतात त्या काळ्या आकृती, चेहरे नाहीत. टेकडी सर झाल्यावर दोन सैनिक हात वर करून काही विनवतात. अमेरिकन सैनिक त्यांना गोळ्या घालतात आणि त्यावर विनोद करतात. ते दोघे चेक भाषेत बोलत असतात. आपण जर्मन नाही, चेक आहोत, कोणाला मारलेले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. पूर्व युरोपातून सक्तीने भरती केलेले अनेक लोक जर्मन गणवेशात त्या किनाऱ्यावर होते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. पण चित्रपट या संवादाला उपशीर्षक देत नाही. याचे दोन अर्थ संभवतात. प्रेक्षकाला त्या अमेरिकन सैनिकाइतकेच अनभिज्ञ ठेवून त्याच्या अपराधात सहभागी करून घेणे हा एक. ज्याला चेक येते त्याच्यासाठी सत्य सांगून ठेवणे आणि इतरांचा वीररस अबाधित राखणे हा दुसरा. मला पहिला अर्थ अधिक आवडतो. पण चित्रपटगृहातील बहुसंख्य प्रेक्षक दुसऱ्याच अर्थाने बाहेर पडतात, हेही नाकारता येत नाही. ‘द लाँगेस्ट डे’ने शत्रूला भाषा आणि भाषांतर दोन्ही दिले होते. स्पिलबर्गने भाषा दिली, भाषांतर दिले नाही.

एका पुळणीचा विस्तार

ओमाहावर अमेरिकनांची सुमारे २,४०० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. शेजारच्या युटावर हा आकडा दोनशेच्या आत होता. त्या दिवशी उतरलेल्या सैन्यात निम्म्याहून अधिक ब्रिटिश आणि कॅनेडियन होते. किंबहुना ज्या भागात मिलरची तुकडी उतरताना दाखवली आहे, तेथे रेंजर्सना किनाऱ्यावर आणणाऱ्या नौका ब्रिटिश नौदलाचे खलाशी चालवत होते. चित्रपटात ब्रिटिशांचा उल्लेख येतो तो माँटगोमेरीची कुचेष्टा करण्यापुरता. ३२० वी बलून तुकडी ही कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांची तुकडी ओमाहा आणि युटा या दोन्ही पुळणींवर होती. तीही पडद्यावर नाही. त्या तुकडीतील वैद्यकीय सहायक वेव्हर्ली वुडसन यांनी स्वतः जखमी असताना कित्येक तास ओमाहावर जखमींवर उपचार केले. त्यांना मोठा शौर्यसन्मान मिळाला तो मरणोत्तर, २०२४ साली.

या संकोचामागे ग्रंथांचाही हात आहे. स्टीफन अँब्रोजचे ‘बँड ऑफ ब्रदर्स’ १९९२ साली आणि ‘डी-डे’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. लोकशाहीत वाढलेला साधा नागरिक-सैनिक हुकूमशाहीत घडवलेल्या सैनिकाला भारी पडला, हा त्याचा सिद्धान्त. मॅक्स हेस्टिंग्जच्या ‘ओव्हरलॉर्ड’ने १९८४ सालीच याच्या जवळजवळ उलट, म्हणजे जर्मन सैनिकाच्या युद्धकौशल्याचे, विवेचन केले होते. पण लोकप्रियतेच्या स्पर्धेत ते मागे पडले. अँब्रोज स्पिलबर्गच्या चित्रपटाचा सल्लागार होता. ‘बँड ऑफ ब्रदर्स’वरून स्पिलबर्ग आणि टॉम हँक्स यांनी २००१ साली दूरचित्रवाणी मालिका केली. ग्रंथातून चित्रपट, चित्रपटातून मालिका आणि मालिकेतून पुन्हा ग्रंथविक्री, असे हे वर्तुळ आहे. अँब्रोजच्या ग्रंथाचा कणा असलेल्या मौखिक आठवणी बऱ्याचशा चाळीस-पन्नास वर्षांनंतर सांगितलेल्या होत्या. आणि १९९८ नंतर सांगितल्या गेलेल्या आठवणींत किनारा किती आणि पडदा किती, हा प्रश्न मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

एका दिवसाच्या या तेजात इतर रणांगणे झाकोळली, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. दोस्त फौजा रोममध्ये शिरल्या ४ जून १९४४ रोजी. दोनच दिवसांत ती बातमी मागच्या पानावर गेली. इटलीत लढणाऱ्यांना ‘नॉर्मंडी चुकवणारे’ म्हणून हिणवले जात असल्याची भावना तेथील सैनिकांत होती आणि तिच्यावर त्यांनी उपरोधिक गाणेही रचले. भारतीय डिव्हिजन नॉर्मंडीत नव्हत्या, इटलीत होत्या. १० जुलै १९४४ रोजी, म्हणजे नॉर्मंडीत काँ शहरासाठी झुंज चालू असताना, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या विद्यार्थ्याला ओमाहावरील लोखंडी अडथळ्यांचा आकार सांगता येतो आणि रायगड जिल्ह्यातील या सैनिकाचे नाव सांगता येत नाही. याचा दोष एकट्या स्पिलबर्गकडे जात नाही.

मृत सैनिकाचे घड्याळ

सॅम्युएल फुलरचा ‘द बिग रेड वन’ १९८० चा. फुलर स्वतः पहिल्या डिव्हिजनबरोबर ओमाहावर उतरला होता. त्याच्याकडे पैसा थोडा होता आणि माणसेही थोडी. चित्रीकरणाचा मोठा भाग इस्राएलमध्ये झाला. साहजिकच त्याचा ओमाहा भव्य नाही. काटेरी तारांत वाट पाडण्यासाठी बंगलोर टॉर्पेडो पुढे सरकवायचा आहे. (नळ्या जोडून लांब करता येणारे हे स्फोटक १९१२ साली बंगळुरात मद्रास सॅपर्सच्या मॅक्लिंटॉक या अधिकाऱ्याने तयार केले, म्हणून हे नाव.) सार्जंट एकेका सैनिकाला त्याच्या क्रमांकाने हाक मारतो. तो जातो, मरतो, पुढचा क्रमांक पुकारला जातो. अधूनमधून कॅमेरा पाण्यात पडलेल्या एका मृत सैनिकाच्या मनगटावरील घड्याळाकडे वळतो. काटे पुढे गेलेले असतात आणि भोवतीचे पाणी अधिक तांबडे झालेले असते. बाकी काही नाही.

स्पिलबर्ग प्रेक्षकाला गुंतवतो, फुलर त्याला थांबवून ठेवतो. ओमाहावरचा बराचसा काळ पाणी आणि दगडांच्या रांगेच्या मध्ये अडकून पडण्यात गेला, हे तेथे असलेल्या माणसाला ठाऊक होते. ती अडकलेली वेळ दाखवायला त्याला शटरचा कोन बदलावा लागला नाही. माझ्या मते वास्तवतेच्या कसोटीवर फुलरचे ते घड्याळ चोवीस मिनिटांच्या थरारापेक्षा वरचढ आहे.

स्टुअर्ट कूपरचा ‘ओव्हरलॉर्ड’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात एका तरुण इंग्रज सैनिकाची कथा इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातील प्रत्यक्ष चित्रणांशी जोडली आहे. भरती, कवायत, प्रतीक्षा यांतच चित्रपट जातो. ज्या चढाईसाठी सारे चालले आहे ती आली की नायक लढण्यापूर्वीच संपतो.

आणि जे. डी. सॅलिंजर. तो ६ जूनला युटावर उतरला. त्याची ‘एझ्मे’वरील प्रसिद्ध कथा १९५० ची. तिचा पहिला भाग एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमध्ये घडतो. दुसरा भाग युद्ध संपल्यानंतर बव्हेरियात, मन मोडून पडलेल्या सैनिकाच्या खोलीत. नॉर्मंडी या दोन भागांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. या कथेत लेखकाने तिच्यावर थेट काही लिहिले नाही. पण पहिल्या भागातील माणूस आणि दुसऱ्या भागातील माणूस शेजारी ठेवले की त्या जागेत काय घडले असावे हे वाचकाला कळते.

जे आधीपासून तेथे होते

आता घर पडताना हसणाऱ्या त्या गृहस्थाकडे परत येऊ. जर्मन कुमक किनाऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून रस्त्यांच्या नाक्यांवरील गावे बाँबफेकीने ढिगाऱ्याखाली गाडून वाटा बंद करण्याची योजना होती. ६ जूनला आणि त्या रात्री काँ, सँ-लो, लिझ्यू, व्हीर ही गावे या योजनेखाली आली. नागरिकांना सावध करणारी पत्रके विमानांतून टाकली गेली, पण ती सर्वांपर्यंत पोहोचली नाहीत. पहिल्या दोन दिवसांत मेलेल्या फ्रेंच नागरिकांची संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते. व्हर्जिनियातील बेडफर्ड या छोट्या गावी असलेल्या स्मारक-प्रतिष्ठानने नावानिशी केलेल्या नोंदीनुसार ६ जूनला मेलेल्या दोस्त सैनिकांची संख्या ४,४१४ आहे. त्यांत २,५०१ अमेरिकन आहेत. हे आकडे शेजारी ठेवल्यावर ओमाहाचे दुःख कमी होत नाही. पण त्या दिवसाच्या कथेतून कोण गाळले गेले ते दिसते. नॉर्मंडीच्या संपूर्ण मोहिमेत मृत नागरिकांचा आकडा सुमारे वीस हजार सांगितला जातो.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये एकच फ्रेंच कुटुंब ठळकपणे समोर येते. अर्धवट पडलेल्या घरातून बाप आपली मुलगी सैनिकांच्या हाती देऊ पाहतो. कापार्झो नावाचा सैनिक तिला उचलतो आणि लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने मरतो. कथेचा धडा स्पष्ट आहे. नागरिकाविषयीची दया सैनिकाला घातक ठरते. ते घर कोणाच्या बाँबने पडले, हा प्रश्न पटकथेत उद्भवतच नाही.

सँ-लोचा जवळजवळ संपूर्ण विध्वंस झाला. १९४५ साली सॅम्युएल बेकेट तेथे आयरिश रेड क्रॉसच्या रुग्णालयात भांडारपाल आणि दुभाषा म्हणून काम करत होता. १९४६ साली त्याने आयरिश नभोवाणीसाठी ‘द कॅपिटल ऑफ द रुइन्स’ हे छोटे भाषण लिहिले. त्यात चढाई नाही. तिच्यानंतरच्या गावात लाकडी खोपट्यांतून चालणारे रुग्णालय आहे, अवशेष उचलणारी माणसे आहेत. नॉर्मंडीवरील ग्रंथसूचीत हे लेखन क्वचितच आढळते. ते बेकेटच्या अभ्यासकांपुरते उरले आहे.

इतिहासलेखनाने ही पोकळी चित्रपटांपेक्षा लवकर ओळखली. जॉन कीगनने १९८२ सालच्या ‘सिक्स आर्मीज इन नॉर्मंडी’मध्ये चढाई एका राष्ट्राच्या मक्तेदारीतून सोडवली. २००७ साली ऑलिव्हिए व्हिएव्हिओर्का या फ्रेंच इतिहासकाराने तिच्याभोवतीच्या दंतकथा तपासल्या. २००९ साली अँटनी बीव्हरने नागरिकांच्या मृत्यूंना कथनाच्या मध्यभागी आणले. मेरी लुईज रॉबर्ट्स यांनी २०१३ साली मुक्त झालेल्या फ्रान्समधील अमेरिकन सैनिकांच्या लैंगिक वर्तनाचा, बलात्कारांसह, अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी नॉर्मंडीतील फ्रेंच लोकांच्या साक्षी स्वतंत्र ग्रंथात एकत्र केल्या. त्या साक्षींत चढाई समुद्रावरून येत नाही. ती रात्री छपरावरून, तळघराच्या अंधारात, विमानांच्या आवाजातून येते, आणि मुक्तीचा आनंद व शेजाऱ्याचे प्रेत एकाच सकाळी समोर येतात.

फ्रान्समध्येही या मृतांचा सार्वजनिक उल्लेख अवघड होता, कारण मारणारे मित्र होते. ६ जून २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांनी काँ येथे नागरिक मृतांना आदरांजली वाहिली. राष्ट्राध्यक्षाने त्या दिवशी असे करण्याची ती पहिली वेळ होती. २०१६ साली फालेझ गावात युद्धातील नागरिकांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. बाँबहल्ल्यात पडलेल्या एका घराचे उत्खननात मिळालेले अवशेष तेथे जतन केले आहेत आणि त्या अवशेषांसोबत बाँबफेकीवरील चित्रफीत दाखवली जाते. तेथे पाहणारा घराच्या बाजूला बसलेला असतो.